खोटी लांबी

साखरी नाट्याच्या बंदरात
आषाढात बर्फ कुणाला नको असतो.
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
कारखाना तोंड मिटून उभा.
म्हणून मला आत्ता बोलावलं.
"मोडायचं तर आत्ताच मोड,"
होडेकर म्हणाले,
"नारळी पुनवेनंतर एक तास पण बंद नको."

अमोनियाचे वॉल्व बंद,
कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवलेला.
फक्त कंट्रोलर चालू, आणि त्याची स्क्रीन,
आणि टाकीतला सेन्सर काढून
एका निळ्या बादलीत सोडलेला:
घरच्या फ्रिजमधला बर्फ, मूठ मूठ खडेमीठ.
उणे आठ.

सुभान सोलकर, रात्रपाळीचा ऑपरेटर,
स्टूल ओढून बसला.
"तू नक्की करतेस काय, बाय?"
खोटं बोलते, म्हटलं. त्याच्याशी.
"कसलं?"

साधं पाकीट असं असतं:
आधी नंबर, मग लांबी, मग मागणं.
मागे सहा बाइट येतायत, असं ते सांगतं
आणि सहाच येतात.
मी सहा सांगते, पाच देते.
सहा सांगते, दोनशे देते.
जे मागणं अस्तित्वातच नाही ते मागते.
लिलावात पाटी उपडी करून बघतात ना,
वर सुरमई आणि खाली काय,
तसं हे बघतं का, एवढंच मला बघायचंय.

सुभान हसला नाही.
"आणि नाय बघितलं तर?"

दुपारपर्यंत त्यानं बघितलं.
चुकीचं पाकीट आलं की नीट नकार द्यायचा,
शहाण्या कारकुनासारखा.
बाहेर पाऊस लागून राहिलेला,
आत माझा प्रोग्राम एकेक आकडा बिघडवत
तीन हजार, साडेतीन हजार.
सुभाननं दोनदा कोरा चहा आणला.

चार हजार एकशे सतरावं पाकीट:
लांबी शून्य.
शून्यातून एक वजा करायला गेलं बिचारं
आणि उण्यात उतरायचं सोडून
थेट पासष्ट हजार पाचशे पस्तीसवर जाऊन बसलं.
तेवढे बाइट येतील म्हणून
वाट बघत राहिलं.

नकार नाही, होकार नाही.
स्क्रीन उजळ. हिरवा दिवा.
उणे आठ.

मी बादलीतून सेन्सर काढला.
उणे आठ.
पदराला पुसला. उणे आठ.
सुभानच्या हातात दिला, त्यानं मूठ आवळली.
उणे आठ.

तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग मुठीकडे.
"ह्योच," म्हणाला. "ह्योच आकडा. रातभर."

मग होडेकरांनीच सांगितलं, तुटक तुटक.
कार्तिकातली रात्र, वीज तीनदा गेलेली.
सकाळी टाकीत अकरा टन पाणी,
धक्क्यावर बांगड्यानं भरलेल्या चार होड्या,
आणि वहीत सुभानच्या अक्षरात
तासातासाला लिहिलेलं: उणे आठ, उणे आठ, उणे आठ.
झोपला आणि सकाळी एकदम भरलं, असं ठरलं.
तीन महिन्यांचा पगार.

मला खोटं बोलायचे पैसे मिळतात,
पण ते यंत्राशी.
म्हणून म्हटलं, सिद्ध होत नाही.
वीज येता-जाता राउटर अर्धवट उठला
तर असलं रिकामं पाकीट सुटू शकतं.
त्या रात्री सुटलंच, असं मी लिहू शकत नाही.
होऊ शकतं, एवढं लिहीन.

"दुरुस्तीला किती?" होडेकरांनी विचारलं.
मग जरा वेळानं, कुणाकडेच न बघता,
"त्या वहीचं पान आहे अजून. टाकलं नाही."

मी कंट्रोलर बंद करून परत चालू केला.
सुभानला म्हटलं, ठेव आता तो खाली.
त्यानं मूठ सोडली नाही.
आकडे उठले, दोन रेघा लुकलुकल्या,
एकोणतीस,
एकतीस,
तेहतीस.

चौतीसला थांबला.
होडेकर खिशात चष्मा शोधत होते.